कर्मचारी समाधानी आहेत, मग एकमेकांना मदत का करत नाहीत?

एका मॅनेजरने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्राहकसेवेचा ३४ जणांचा विभाग. वार्षिक सर्व्हेत 'मी माझ्या नोकरीवर समाधानी आहे' या विधानाला ५ पैकी सरासरी ४.१ गुण. नोकरी सोडणारेही कमी. तरीही नवा माणूस अडकला तर शेजारचा मान वर करत नाही, शिफ्ट संपताना अर्धवट तक्रारींची नोंद कोणी नीट ठेवत नाही, आणि सुधारणेच्या बैठकीत सगळे गप्प बसतात. मॅनेजरना दोन गोष्टी हव्या आहेत: लोकांची वृत्ती कशी बदलायची, आणि अप्रेझलमध्ये 'सहकार्य' या मथळ्याखाली १० गुण ठेवले तर उपयोग होईल का.

आधी उत्तर सांगते. ते १० गुण आत्ता ठेवू नका. आणि वृत्तीला हात घालण्याआधी कोणती वृत्ती आणि कोणती मदत, हे वेगळं करा. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी वरवर एकाच दुखण्याच्या वाटतात, पण त्यांची कारणं बहुधा वेगवेगळी आहेत.

संशोधक डेनिस ऑर्गन यांनी १९८८ साली अशा ऐच्छिक वागण्याची, म्हणजे 'संस्थेतल्या नागरिकत्वा'ची, जी मांडणी केली ती आजही कामाला येते. नेमून दिलेल्या कामापलीकडचं, कोणी सक्ती न केलेलं, थेट मोबदला न मिळणारं, पण सगळ्यांचं मिळून संस्थेला उपयोगी पडणारं वागणं, अशी त्यांची व्याख्या होती. त्यात पाच प्रकार येतात: अडलेल्या सहकाऱ्याला हात देणं, आपल्यामुळे दुसऱ्याची अडचण होऊ नये म्हणून आधीच कळवणं, किमान अपेक्षेपेक्षा जास्त नेमाने काम करणं, लहानसहान गैरसोयींचं अवडंबर न करणं, आणि संस्थेच्या कारभारात लक्ष घालून बोलणं. नव्याला मदत हा पहिला प्रकार, शिफ्टची नोंद दुसरा, बैठकीतलं बोलणं पाचवा. पुढे १९९१ साली लॅरी विल्यम्स आणि स्टेला अँडरसन यांनी सोपी विभागणी केली: माणसांसाठी केलेलं आणि संस्थेसाठी केलेलं. तुम्हाला ही दुसरी विभागणी जास्त उपयोगी पडेल. कारण शेजारच्यावर जीव असलेला माणूस त्याला मदत करेल, पण कंपनीवर नाराज असेल तर बैठकीत तोंड उघडणार नाही.

शिफ्टच्या नोंदीचा विषय मी इथेच संपवते. ही गोष्ट ऐच्छिक ठेवूच नका. जे झालं नाही तर पुढच्याचं काम अडतं, ते कामाचाच भाग आहे, आणि तसं लिहून द्या. नोंदीत चार रकाने पुरतात: तक्रार क्रमांक, आतापर्यंत काय केलं, ग्राहकाला काय कबूल केलं, पुढचं पाऊल कोणतं आणि कधी. शिफ्टची शेवटची १० मिनिटं यासाठी मोकळी ठेवा, आणि ती कामाच्या वेळेतच मोजा. त्या १० मिनिटांत नवे कॉल येत राहिले तर नोंद होणार नाही, आणि त्याला वृत्ती जबाबदार नसेल. सद्भावनेवर सोडलेली अत्यावश्यक कामं हे बऱ्याच विभागांचं खरं दुखणं असतं.

आता ते ४.१. समाधान आणि मदत यांचा संबंध आहे, यात शंका नाही. ऑर्गन आणि कॅथरीन रायन यांनी १९९५ साली तोवरच्या ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा समाधान, निष्ठा, न्यायाची भावना, वरिष्ठांचा आधार या सगळ्यांचा अशा वागण्याशी संबंध दिसला. पण तो मध्यम आहे. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचं माप (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध), साधारण ०.२ ते ०.३ च्या आसपास. ०.३ चा वर्ग केला तर ०.०९ येतो, म्हणजे लोकांच्या मदत करण्यात जो फरक दिसतो त्यातला दहावा हिस्साही समाधानाच्या गुणांवरून समजत नाही. त्यामुळे ४.१ आणि मदतीचा दुष्काळ एकत्र नांदणं ही विसंगती नाही.

याला आणखी एक कारण आहे. एकूण नोकरीबद्दलचं मत हे फार रुंद माप आहे आणि 'काल दुपारी नव्या मुलीला सॉफ्टवेअरची स्क्रीन दाखवली का' ही फार अरुंद कृती आहे. रुंद मतावरून अरुंद कृतीचा अंदाज बांधता येत नाही. आयझेक एजेन आणि मार्टिन फिशबाइन यांनी १९७७ सालीच हे दाखवलं होतं. एकूण मतावरून वर्षभराच्या एकूण वागण्याचा, म्हणजे हजेरी, कामाचा दर्जा, मदत, टिकून राहणं या सगळ्यांचा मिळून अंदाज बरा येतो. एका सवयीबद्दल जाणायचं असेल तर प्रश्नही त्या सवयीबद्दलच विचारावा लागतो.

समाधानाच्या आत काय दडलेलं असतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रॉबर्ट मूरमन यांच्या १९९१ च्या अभ्यासात समाधान आणि न्यायाची भावना शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा न्यायाची भावना हिशेबात घेतल्यावर समाधानाचा वेगळा प्रभाव उरला नाही. आणि न्यायातही पगाराच्या वाटपापेक्षा वरिष्ठ हाताखालच्या माणसाशी कसं वागतात, निर्णय घेताना ऐकून घेतात का, कारण सांगतात का, याचं वजन जास्त निघालं. तर्क समजण्यासारखा आहे. पगाराच्या बदल्यात नेमून दिलेलं काम, हा सरळ व्यवहार झाला. मदत हा उधारीचा व्यवहार आहे: आज मी देतो, परत कधी मिळेल, किती मिळेल, कोणाकडून मिळेल, काहीच ठरलेलं नाही. पीटर ब्लाउ यांनी १९६४ मध्ये सामाजिक देवाणघेवाणीचा सिद्धांत मांडला तो हाच. जिथे कारभार न्यायाचा वाटतो तिथे माणूस उधार देतो. जिथे वाटत नाही तिथे तो रोखीवर येतो. म्हणजे नेमलेलं काम चोख, त्यापुढे काही नाही. तुमचा विभाग मला रोखीवर आलेला वाटतो.

'नोकरी सोडणारे कमी' यावरही विसंबू नका. टिकून राहण्याची कारणं तीन असतात, हे जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ साली वेगळं केलं: इथे राहावंसं वाटतं म्हणून, राहणं योग्य वाटतं म्हणून, आणि सोडणं परवडत नाही म्हणून. मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००२ च्या एकत्रित विश्लेषणात ऐच्छिक मदतीशी पहिल्या कारणाचा सहसंबंध सुमारे ०.३२, दुसऱ्याचा ०.२४ आणि तिसऱ्याचा जवळजवळ शून्य निघाला. बाहेर पर्याय नसल्यामुळे टिकलेला विभाग आकडेवारीत स्थिर दिसतो, पण त्या स्थिरतेतून मदत उगवत नाही.

आणखी एक गोष्ट मॅनेजरच्या नजरेतून हमखास सुटते. तुम्ही ज्याला 'वरचं', म्हणजे नेमलेल्या कामापलीकडचं, समजता ते समोरचा तसं समजतो का? एलिझाबेथ मॉरिसन यांनी १९९४ मध्ये हे तपासलं. कामाची हद्द कुठे संपते याबद्दल कर्मचाऱ्यांचं आपापसात आणि वरिष्ठांशी एकमत नव्हतं, आणि ज्यांना संस्थेबद्दल आपुलकी होती ते आपल्या कामाची हद्द जास्त मोठी आखत होते. माझ्या मते वृत्तीचा मोठा परिणाम याच वाटेने होतो. आपुलकी असलेला माणूस मनाचा मोठेपणा दाखवायचा म्हणून मदत करत नाही. नव्याला शिकवणं हे त्याला आपलंच काम वाटतं. तेव्हा 'तो मदत करत नाही' असं म्हणण्याआधी 'ते त्याला त्याचं काम वाटतं का' हे विचारा.

आणि शेवटची: वेळ आणि टार्गेट. ग्राहकसेवेत प्रत्येकाचे दिवसाचे कॉल मोजले जात असतील आणि मदत करताना त्याची वेळ 'अनुपलब्ध' म्हणून नोंदली जात असेल, तर मदत करणाऱ्याला दर वेळी दंड होतो आहे. अशा ठिकाणी वृत्तीवर कितीही प्रशिक्षण द्या, आठवड्याभरात सगळं पूर्वपदावर येतं. मी विभाग पाहायला घेते तेव्हा वृत्तीची प्रश्नावली नंतर आणि कामाच्या मोजमापाचा तक्ता आधी मागते.

तुमच्याकडे यातलं नेमकं काय आहे हे इथून सांगता येणार नाही. टार्गेट वैयक्तिक आहे की गटाचं, मदत करणाऱ्याला वेळ उरतो का, सुपरवायझर किती जुने आहेत, अलीकडे शिफ्ट, बढती किंवा सुट्ट्यांबाबत एखादा निर्णय लोकांच्या मनाला लागला आहे का, यावर निदान बदलेल. पण ते काढायला दोन आठवडे पुरतात.

पहिल्या आठवड्यात गेल्या महिन्यातले १० ते १२ प्रत्यक्ष प्रसंग कागदावर उतरवा, जिथे मदत व्हायला हवी होती आणि झाली नाही. 'सहकार्य कमी आहे' असं लिहू नका. 'तिसऱ्या दिवशीच्या नव्या माणसाने परताव्याच्या तक्रारीवर ४० मिनिटं घालवली, शेजारी दोघे ते काम जाणणारे होते' असं लिहा. प्रत्येक प्रसंगापुढे तीन प्रश्न: शेजारच्याला कळलं होतं का? त्याला ते करता आलं असतं का, म्हणजे ज्ञान आणि वेळ दोन्ही होतं का? केलं असतं तर त्याचं काही नुकसान झालं असतं का? ज्या प्रसंगांत पहिल्या दोन्हींना 'हो' आणि तिसऱ्याला 'नाही' असं उत्तर येतं, तेवढेच वृत्तीचे प्रसंग. ते १२ पैकी ४ सुद्धा निघाले नाहीत तर तुमचा प्रश्न कामाच्या रचनेचा आहे, आणि ती बदलणं वृत्ती बदलण्यापेक्षा खूप सोपं आहे.

दुसऱ्या आठवड्यात छोटी, निनावी प्रश्नावली. सात-आठ प्रश्नांपेक्षा मोठी नको. त्यात समाधान विचारू नका, ते तुमच्याकडे आहे. विचारा: शिफ्ट आणि सुट्ट्या ठरवताना सगळ्यांना एकच नियम लागतो का? निर्णय मला पटला नाही तर मांडायची जागा आहे का? सुपरवायझर निर्णयाचं कारण सांगतात का? मी अडकलो तर कोणी थांबून मदत करेल का? नव्याला शिकवणं हा माझ्या कामाचा भाग आहे का? मदत केल्याने माझे आकडे घसरतात का? निकाल गटागटाने पाहायचे असतील तर गट ८-१० जणांपेक्षा लहान करू नका, नाहीतर कोण काय बोललं हे ओळखू येतं आणि पुढच्या वेळी सगळे ४ वर खूण करून मोकळे होतात. तुमचा ४.१ तसाच आला नसेल ना, हेही एकदा पाहा. सर्व्हे कोणाच्या हातून गोळा झाला आणि त्यावर आयडी होता का, एवढं तपासलं की पुरे.

'तुम्ही किती मदत करता?' हे मात्र विचारू नका. स्वतःबद्दल सगळेच सढळ हाताने लिहितात. शिवाय वृत्ती आणि वागणं दोन्ही एकाच माणसाला एकाच कागदावर विचारलं तर त्यांचा संबंध खऱ्यापेक्षा घट्ट दिसतो. त्याऐवजी विचारा: 'गेल्या दोन आठवड्यांत अडचण आली तेव्हा कोणाकडे गेलात? जास्तीत जास्त तीन नावं.' ३४ जणांची उत्तरं एका तक्त्यात मांडलीत की बहुधा असं दिसेल की मदत होत नाही असं नाहीच, ती चार-पाच जणांवर येऊन पडली आहे आणि ते दमले आहेत. ही नावं अप्रेझलसाठी वापरणार नाही असं आधी सांगा, आणि खरोखरच वापरू नका.

त्या चार-पाच जणांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण विभाग वाचवायचा तर त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते. सतत मदत करणाऱ्याचं स्वतःचं काम मागे पडतं, मग तो घरी उशिरा जातो, मग चिडतो, आणि एक दिवस तोही मान खाली घालून बसू लागतो. त्याला पाहून बाकीचे शिकतात की इथे मदतीचं फळ काय असतं. यात स्त्री-पुरुष फरकही आहे. मॅडलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांच्या २००५ च्या प्रयोगांत तीच मदत पुरुषाने केली तर त्याचं मूल्यमापन वर गेलं, स्त्रीने केली तर फारसं हललं नाही. आणि मदत नाकारल्याबद्दल मूल्यमापन घसरलं ते स्त्रीचं. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की बढतीला उपयोग नसलेली कामं स्त्रियांना जास्त सांगितली जातात आणि त्या जास्त स्वीकारतात. त्यांच्या प्रयोगात फक्त स्त्रियांचे किंवा फक्त पुरुषांचे गट केले तेव्हा पुढे होण्यातला फरक नाहीसा झाला, म्हणजे ही स्वभावाची गोष्ट नसून 'ती करेल' या अपेक्षेची आहे. बैठकीचं टिपण, नव्यांची ओळख, निरोप समारंभ अशी कामं यादी करून पाळीने वाटा. 'कोण करेल?' असं विचारून थांबू नका. त्या शांततेत कोण हात वर करणार हे ठरलेलं असतं.

आता त्या १० गुणांकडे येते. बक्षीस वाईटच, असं माझं म्हणणं नाही. ऑर्गन यांनीही १९९७ मध्ये आपली व्याख्या सैल केली, कारण वरिष्ठ मूल्यमापन करताना अशा वागण्याचा विचार करतातच, मग मोबदला अजिबात मिळत नाही असं म्हणणं खरं ठरत नाही. अडचण वेगळी आहे. गुण ठेवले की दिसणारी मदत वाढते: मोठ्या आवाजात, सुपरवायझर समोर असताना, ईमेलमध्ये सगळ्यांना प्रत पाठवून. न दिसणारी मदत, म्हणजे दुसऱ्याची चूक ग्राहकापर्यंत जाण्याआधी गुपचूप दुरुस्त करणं, कमी होते, कारण तिला गुण नाहीत. सुपरवायझरला ज्याचा स्वभाव आवडतो त्याला सगळ्याच रकान्यांत वरचे गुण मिळतात, आणि तुमचा दुखरा भाग, न्यायाची भावना, आणखी दुखावतो. त्याहून वाईट म्हणजे 'ऐच्छिक' गोष्ट सक्तीची होते. एरन व्हिगोडा-गॅडोट यांनी २००६-०७ च्या सुमारास अशा सक्तीच्या नागरिकत्वाबद्दल लिहिलं, आणि अशा सक्तीबरोबर ताण, थकवा आणि नोकरी सोडण्याचा विचार जोडलेला दिसतो.

गुणांऐवजी मी या क्रमाने जाईन. आधी दंड काढा: मदतीसाठी सिस्टीममध्ये वेगळा कोड ठेवा आणि तो वेळ टार्गेटमधून वजा करा, सुरुवातीला माणशी दिवसाला २०-३० मिनिटांपर्यंत. दुरुपयोग होईल ही भीती प्रत्येक मॅनेजरला वाटते. मर्यादा घातली की ती आटोक्यात राहते. मग जे मदतीचं काम नियमित आहे ते नेमून द्या. प्रत्येक नव्या माणसाला पहिले सहा आठवडे एक ठरलेला सोबती, आणि त्या काळात सोबत्याचं टार्गेट १० ते १५ टक्के कमी. यामुळे 'त्याचं काम आहे' हे वाक्य बरंचसं बंद होतं, कारण आता ते कोणाचं काम आहे हे लिहिलेलं असतं.

त्यानंतर न्याय. शिफ्ट, सुट्ट्या आणि अवघड ग्राहक कसे वाटले जातात त्याचे नियम एका पानावर लावा. अपवाद केलात तर त्याच दिवशी कारण सांगा. कोणाची खासगी बाब असेल तर 'खासगी कारणाने, माझ्या निर्णयाने' एवढं पुरतं. कोणी हरकत घेतली तर ठरलेल्या मुदतीत, समजा तीन कामाच्या दिवसांत, उत्तर द्या, नकार असला तरी. बैठकीतल्या शांततेवरचा उपायही इथेच आहे. आधीच्या दोन बैठकांत आलेल्या सूचनांचं काय झालं, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा: कोणती केली, कोणती नाही, का नाही. दोन बैठकांत लोक बोलायला लागतील असं नाही, पण चौथ्या-पाचव्या बैठकीला फरक दिसायला हवा. दिसला नाही तर सुपरवायझर बोलणाऱ्यांशी नंतर कसे वागतात ते पाहा.

कौतुक जरूर करा, पण नेमकं आणि वेळेवर: काय केलं आणि त्याने काय वाचलं, दोन वाक्यांत, एक-दोन दिवसांच्या आत. महिन्याचा 'सर्वोत्तम सहकारी' निवडू नका. एकाला निवडताना न निवडलेले तेहतीस जण हिशेब मांडतात.

मदत जितकी जास्त तितकं चांगलं, हेही नेहमी खरं नसतं. फिलिप पॉडसाकॉफ आणि स्कॉट मॅकेन्झी यांच्या १९९४ च्या विमा विक्रीच्या अभ्यासात सहकाऱ्यांना जास्त मदत करणाऱ्या शाखांची कामगिरी उलट कमी निघाली. अनुभवी विक्रेत्यांचा वेळ नवख्यांवर जात होता आणि नवखे टिकत नव्हते, असं त्यांनी स्पष्टीकरण दिलं. त्याच दोघांनी मायकेल अहर्न यांच्यासोबत १९९७ मध्ये कागद कारखान्यातल्या गटांचा अभ्यास केला, तिथे मदतीने उत्पादन वाढलं आणि दर्जाही सुधारला. कारखान्यात एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून असतं, विम्यात फारसं नसतं. तुमच्या विभागात तक्रार एका हातातून दुसऱ्या हातात जाते, म्हणून मदत फळेल असा माझा अंदाज आहे. पण जिथे प्रत्येकजण आपला ग्राहक एकटा सांभाळतो, तिथे मदतीचा आग्रह कमी धरा आणि चांगली लिखित माहिती जास्त द्या.

मोजायचं काय, तर तीन गोष्टी: नवा माणूस किती आठवड्यांत एकट्याने तक्रार हाताळू लागतो, शिफ्ट बदलल्यावर ग्राहकाला तीच माहिती पुन्हा द्यावी लागली अशा तक्रारी किती, आणि 'कोणाकडे गेलात' या प्रश्नात किती वेगवेगळी नावं येतात. पहिल्या दोन आकड्यांत सहा ते आठ आठवड्यांत हालचाल दिसावी. न्यायाच्या प्रश्नांचे गुण सावकाश हलतात, त्यांना सहा महिने द्या. आणि मधल्या काळात शिफ्टचा एखादा मोठा बदल करायचा असेल, तर तो जाहीर करण्याआधी लोकांना विचारा. तिथे घाई झाली तर वरचं सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.